भरीत खाल्लं आणि सरपंच आबा रांगायला लागले: मुलांसोबत तीन मिनिटांचं कार्टून कसं बनवावं

मोठी माणसं जादूने तान्ही बाळं होतात आणि त्यांना सांभाळायची वेळ लेकरांवर येते. कार्टूनमधला हा हुकमी एपिसोड आहे. आपली मुलं तो हिंदीत पाहतात, कधी मराठी डबिंगमध्ये पाहतात. तोच एपिसोड त्यांनी स्वतः, आपल्या गावच्या माणसांचा, आपल्या बोलीत बनवावा म्हणून हा लेख आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे शिक्षक, आईबाप किंवा सुट्टीत गावी आलेले कॉलेजचे ताई-दादा यांनी १० ते १४ वर्षांची चार-पाच मुलं जमवली की काम सुरू करता येतं. कागदी बाहुल्या थोड्या थोड्या हलवत दर वेळी एक फोटो काढायचा आणि ते फोटो भराभर जोडून दाखवायचे, या पद्धतीला स्टॉप मोशन म्हणतात, आणि आपलं कार्टून तसंच बनतं. एक मोबाईल, कार्डशीट, कात्री, दोन एलईडी बल्ब, थोडा कापूस आणि शेवटी आवाज-चित्र जोडायला एक कॉम्प्युटर एवढं मुख्य सामान पुरतं.

पहिल्या कार्टूनसाठी हाच विषय घ्या असं मी आग्रहाने सांगतो, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. कागदी बाहुलीला चालवणं फार अवघड असतं, पाय घसरल्यासारखे दिसतात. बाळ रांगतं, बसतं, लवंडतं, आणि या तिन्ही हालचाली नवख्या हाताला जमतात.

आधी गोष्ट पक्की करा

या प्रकारची सगळ्यात जुनी गोष्ट आपल्या घरातच आहे. अनसूयेचं सत्त्व पाहायला ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन आले आणि त्यांनी अवघड अट घातली. तिने तीर्थ शिंपडून तिघांना तान्ही बाळं केलं, जेवू घातलं, पाळण्यात निजवलं. मग तिघांच्या बायका शोधत आल्या तेव्हा त्यांना मूळ रूप परत मिळालं. सारंगखेड्याला मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार भरतो. त्या यात्रेला गेलेल्या मुलांना ही कथा आजीकडून ऐकून माहीत असते. मुलांना ती परत सांगायला लावा आणि सांगून झाल्यावर तीन प्रश्न विचारा: जादू कशामुळे झाली? मोठं कोण राहिलं? परत मोठं व्हावं असं कोणाला वाटत होतं? तुमच्या एपिसोडला याच तीन प्रश्नांची उत्तरं लागणार आहेत.

दुसरी गोष्ट तापी-पूर्णेच्या संगमावरची. चौदाशे वर्षं जगलेला योगी चांगदेव वयाने एवढीशी असलेल्या मुक्ताईला गुरू मानतो. लहानाकडे अधिकार येतो आणि मोठा ऐकतो, हा उलटा क्रम किती जुना आणि किती आपला आहे ते मुलांना इथे कळतं.

आता जादूचं कारण. काठी फिरवणारी परी नको. ती कुठूनही येऊ शकते, म्हणून कुठलीच वाटत नाही. मी पुढे जे कथानक वापरतो ते असं आहे.

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी आहे. पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ केलाय, हिरवी मोठी वांगी भाजायला टाकलीत. एक वांगं कमी पडतंय. कडेच्या झाडावर आजीने एक वांगं बियाण्याला राखलंय, पिकून पिवळं पडलंय, देठाला लाल दोरा बांधलाय. आजीने बजावलेलं असतं, "ते वांगं बीसाठे ठेयेल शे, हात नको लावजो." भाऊकाका तेच तोडतात आणि जाळात टाकतात. बियाण्याचं वांगं खाल्लं की माणूसही बियाण्यासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, ही आपली जादू. लेकरांनी भरीत खाल्लेलंच नसतं, कारण त्यांना वांगं आवडत नाही. म्हणून ती जशीच्या तशी राहतात. मोठी माणसंच का बदलली आणि मुलं का वाचली, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

उतारासुद्धा त्याच कारणातून आला पाहिजे. बी अंधारात, शांततेत रुजतं, तेव्हाच वाढतं. म्हणजे सगळी बाळं एकाच वेळी अंधारात झोपली तरच परत मोठी होणार. चार बाळांना एकदम झोपवणं किती अवघड आहे हे घरात धाकटं भावंड असलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. इथे ताण आपोआप तयार होतो. तीन झोपतात, चौथं डोळे मिटत असतानाच लाईट येते आणि चौघं टाहो फोडतात. रात्रीच्या शेतीलाईटीवर पाणी भरणाऱ्या गावात हा प्रसंग हमखास हशा घेतो.

जादूचे नियम मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा. कपडे लहान होणार की तेवढेच राहणार? मोठेच ठेवा, धोतराच्या ढिगातून बाळ बाहेर येताना पाहायला मजा येते. बाळांना मोठेपणीचं आठवतं का? हो, सगळं आठवतं. बोलता येतं का? आपसांत हो, पण लेकरांना फक्त "अगू, बूऽ" ऐकू येतं. बाळं किती महिन्यांची? नऊ-दहा महिन्यांची, कारण या वयात रांगणं आणि धरून उभं राहणं जमतं, बोलणं जमत नाही. शूटिंगच्या मध्यात मुलं नवे नियम सुचवतील. ते वहीत टिपून ठेवा, पुढच्या एपिसोडला वापरा, चालू गोष्टीत घुसवू नका.

पात्रं: बाळ झालं तरी माणूस तोच राहिला पाहिजे

एपिसोड चालतो तो याच्यावर. लेखाचा बाकीचा भाग विसरलात तरी हे धरून ठेवा. सरपंच आबा बाळ झाले म्हणून नुसते गोड दिसले तर दहा सेकंदांत कंटाळा येतो. बाळ झालेल्या आबांना अजूनही सभा चालवायची असली पाहिजे. ते खुळखुळा आपटून शांतता मागतात. ग्रामसभेत ते नेहमी डुलक्या घेत, आता सगळं त्यांच्या झोपेवर अवलंबून आहे आणि त्यांना झोपच येत नाही. गुरुजी रांगत जाऊन राखेत बोटाने पाढे लिहितात. फुईला, म्हणजे आत्याला, मोठेपणी फोन सोडवत नसे, ती भाकरीचा तुकडा कानाला लावून "अगू अगू" करते. भाऊकाका खादाड, ते पुन्हा भरिताच्या बडगीकडे (भरीत कुटायच्या लाकडी भांड्याकडे) निघालेले असतात आणि कोणीतरी त्यांना पायाला धरून मागे ओढत असतं. प्रत्येक पात्राची एकच खोड ठरवा. ती पहिल्या अर्ध्या मिनिटात मोठेपणी दाखवा, मग बाळपणी परत दाखवा. दोन खोडी दिल्या तर तीन मिनिटांत एकही लक्षात राहत नाही.

मुलांमध्ये दोघं पुरेत. चिंगी हुकूम सोडणारी, पक्या घाबरट. पक्याला बाळ उचलायचीच भीती वाटते. शेवटी आबांना तोच झोपवतो.

आता चित्र. खऱ्या तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण चौथा भाग असतं, मोठ्या माणसाचं सातवा ते आठवा. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मधोमध येतात, बाळाचे त्याहून खाली. त्यामुळे कपाळ मोठं दिसतं. मोठं डोकं, उंच कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय पाहिलं की माणसाला माया का येते, यावर कोनराड लोरेंझ या प्राणिवर्तन शास्त्रज्ञाने १९४३ साली लिहिलं होतं. कार्टून काढणारे हेच नियम जाणूनबुजून वाढवून वापरतात.

कागदी बाहुल्यांसाठी माझं माप असं: मोठा माणूस १६ सेंटिमीटर, त्यात डोकं ४ सेंटिमीटर. बाळ ८ सेंटिमीटर, त्याचंही डोकं ४ सेंटिमीटर. दोघांचं डोकं सारखंच ठेवल्याने तोंडाचे तेच तुकडे दोघांना चालतात आणि प्रेक्षकाला चेहरा लगेच ओळखू येतो. बाळाचे डोळे तेवढे खाली आणा, गाल फुगवा, मान काढून टाका, मिशी पुसा. ओळखीची एक वस्तू मात्र राहू द्या: आबांची टोपी, गुरुजींचा चष्मा, फुईची नथ, भाऊकाकांच्या गळ्यातला लाल गमछा. टोपी डोळ्यांवर घसरते, चष्मा नाकावर राहत नाही, आणि यातूनच विनोदाचे चार क्षण सुटे मिळतात.

गावातल्या खऱ्या सरपंचांचा किंवा शिक्षकांचा चेहरा काढू नका, मुलांनी कितीही आग्रह धरला तरी. पात्रं मनाने रचा.

बाहुलीसाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम. कागद जाड असतो आणि प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतो. कोपर, खांदा, गुडघा इथे सुईने भोक पाडून दोरा ओवा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारा. गाठ फार घट्ट झाली तर हात वळत नाही, सैल झाली तर आपोआप पडतो. बाळाला गुडघा आणि कोपर हे सांधे करू नका, खांदा आणि मांडी पुरते.

आवाज आधी, चित्र नंतर

बहुतेक जण आधी फोटो काढतात आणि मग आवाज बसवायला जातात. तोंड एकीकडे आणि बोलणं दुसरीकडे होतं ते यामुळे. संवाद आधी रेकॉर्ड करा, प्रत्येक शब्द कितव्या सेकंदाला येतो ते वहीत लिहा, आणि त्या मापाने फोटो काढा.

संवाद अहिराणीत ठेवा. यावल-रावेरकडे असाल तर लेवा बोलीत ठेवा. जी बोली मुलं घरी बोलतात ती. पुस्तकी मराठीत बोलणारं बाळ ऐकून कोणी हसत नाही. पण "मी सरपंच शे! माले खाले ठेव!" असं चिंगीच्या कडेवरून ओरडणारं बाळ ऐकलं की आख्खा वाडा हसतो. भाऊकाका ढिगातून डोकं काढून "काय व्हयनं रे भो?" एवढंच म्हणाले तरी प्रसंग उभा राहतो. वाक्यं तोकडी ठेवा, पाच-सहा शब्दांपलीकडे नको. संवाद लिहून झाले की घरातल्या आजीला वाचून दाखवा, चुकलेला शब्द ती लगेच पकडते.

बाळांना आवाज कोणी द्यायचा? मोठ्या माणसांनीच, आपल्या भारदस्त आवाजात. एवढ्याशा अंगातून तोच जाड आवाज निघाला की माणूस तोच आहे हे कानालाही पटतं. आवाज थोडा पातळ करायचाच असेल तर ऑडेसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पट्टी तीन-चार अर्धस्वर वर न्या. त्याहून जास्त नेली की शब्द कळेनासे होतात. लेकरांच्या कानांनी ऐकायच्या जागी "अगू, बूऽ" वेगळं रेकॉर्ड करा. रडण्यासाठी खऱ्या बाळाला कोणी रडवायचं नाही. पाचवी-सहावीतली मुलं हुबेहूब रडून दाखवतात.

रेकॉर्डिंगला पहाटेची वेळ धरा. दिवसा कूलर, ट्रॅक्टर आणि लाऊडस्पीकर काही ऐकू देत नाहीत. आतल्या खोलीत, भिंतीला दोन-तीन गोधड्या टांगून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून बोला. झोपवण्याच्या प्रसंगाला सिनेमातलं गाणं घेऊ नका, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. घरातल्या आजीला तिचा पाळणा म्हणायला सांगा, तिची परवानगी घ्या, शेवटी नाव द्या.

शूटिंगची मांडणी

६० बाय ३४ सेंटिमीटरचा पुठ्ठा जमिनीवर ठेवा, ही तुमची रंगभूमी. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची स्टुलं, त्यांच्यावर फळी, फळीला भोक, भोकावर फोन आडवा आणि कॅमेरा खाली. फळी विटांनी दाबून ठेवा. एकदा फोन बसवला की प्रसंग संपेपर्यंत त्याला धक्का लागता कामा नये.

खिडक्या बंद करून पडदे लावा. ढग सरकला तरी उजेड बदलतो आणि चित्र लुकलुकतं. दोन्ही बाजूंना ९ वॅटचे एकसारखे बल्ब तिरपे लावा म्हणजे सावल्या मरतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही बल्बांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. फोकस, उजेड आणि रंग तिन्ही लॉक करा.

पंखा बंद ठेवावा लागतो, कागद उडतो. मे महिन्यात खान्देशात पारा ४५ च्या आसपास असताना बंद खोलीत मुलांना कोंडणं योग्य नाही. उन्हाळ्यात काम करायचं असेल तर फक्त सकाळी सहा ते साडेआठ. दिवाळीची सुट्टी याहून बरी. ती हवामानाला धरून आहे आणि भरिताच्या दिवसांच्या तोंडावरही येते.

फोनवर स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲप घाला. आधीच्या फोटोची पुसट छाया दिसते, त्यामुळे बाहुली किती हलवली ते कळतं. सेकंदाला १२ फोटो ठेवा. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, म्हणजे २१६० फोटो. आकडा ऐकून मुलं घाबरतील. त्यांना सांगा की पात्र स्तब्ध असतं तिथे एकच फोटो अनेकदा वापरता येतो, आणि बोलण्याच्या जागी फक्त तोंडाचा तुकडा बदलतो. तरीही रोज दोन तास देऊन पंधरवडा धरून चाला. एकाने बाहुली हलवायची, दुसऱ्याने फोटो घ्यायचा, तिसऱ्याने वहीत आकडा खुणवायचा. रोज कामं बदला, नाहीतर फोटो घेणारं पोर दुसऱ्या दिवशी येत नाही.

तोंडाचे पाच तुकडे पुरतात: मिटलेलं (प, ब, म), उघडं (आ), ताणलेलं (ए, ई), गोल (ओ, ऊ) आणि रडकं. बाळांच्या तोंडात दात काढू नका.

जादूचा क्षण

सगळा एपिसोड या दीड सेकंदासाठी थांबलेला असतो, म्हणून इथे घाई करू नका. १८ फोटो असे वाटा. पहिले ४: घास तोंडात, हालचाल शून्य. पुढचे ३: गाल फुगतात, डोळे मोठे होतात. पुढचे ६: चेहऱ्याभोवती कापूस वाढत जातो आणि शेवटी पूर्ण माणूस झाकतो. आपल्या शेतातला साधा कापूस पिंजून घेतला तर धूर म्हणून त्याच्याइतका सुंदर दुसरा काही नाही, विकतचा गुळगुळीत कापूस तसा दिसत नाही. कापसाखाली बाहुली काढून कपड्यांचा ढीग ठेवा. शेवटचे ५: कापूस विरतो.

त्यानंतर निदान १२ फोटो, म्हणजे एक सेकंद, काहीच होऊ देऊ नका. नुसता धोतराचा ढीग आणि वरती टोपी. आवाजही बंद. मग ढीग एका बाजूला हलतो. मग टोपी वर उचलली जाते. मग दोन डोळे दिसतात. नवखी मुलं लगेच बाळ दाखवायला धावतात. त्यांना थांबवा, ही वाट पाहण्यातच सगळी गंमत आहे.

चौघांची जादू एकसारखी दाखवू नका. आबांची पूर्ण दाखवा, गुरुजींची अर्धी, फुई फोनवर बोलता बोलता कॅमेऱ्याबाहेर जाते आणि आवाज मधेच "अगू" होतो, भाऊकाकांचा नुसता गमछा खाली पडतो. काम कमी होतं आणि प्रेक्षक पुढचं ओळखून हसतात.

बाळांच्या हालचाली

रांगताना उजवा हात आणि डावा गुडघा बरोबर पुढे जातात, मग डावा हात आणि उजवा गुडघा. एक पूर्ण फेरी १२ फोटोंत बसवा, दर फोटोला बाळ ५ मिलिमीटर सरकवा. डोकं अंगामागून एक फोटो उशिरा हलू द्या, त्याने वजन दिसतं. बसलेलं बाळ सरळ राहत नाही, डोकं जड असल्याने एका बाजूला झुकतं, सावरतं, परत झुकतं. शेजारच्या घरात रांगतं बाळ असेल तर त्याच्या आईला विचारून मुलांना अर्धा तास नुसतं बघायला बसवा. कागदावर शिकवून जे कळणार नाही ते तिथे कळतं.

दाखवताना घ्यायची काळजी

हे कार्टून लहान मुलं पाहणार आणि पाहिलेलं घरी करून बघणार. भरिताचा जाळ गोष्टीत आहे, म्हणून बाळं दिसताच चिंगी सगळ्यात आधी जाळावर पाणी ओतते हा शॉट सोडू नका. विहिरीच्या काठाशी बाळ नेऊन विनोद करू नका. बाळांना मारणं, घाबरवणं नको. भूक लागल्यावर पक्या त्यांना कुस्करलेलं केळं भरवतो, मिरचीचं भरीत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागा पाठीमागे रंगवायला कारणही मिळतं. मध चाटवताना दाखवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये.

जोडणी आणि पहिला खेळ

फोटोंचा व्हिडिओ झाला की ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज खाली लावा. आधी संवाद, मग रडणं-हसणं, मग जाळाचा तडतड आवाज, सगळ्यात शेवटी पाळणा. पाळणा संवादापेक्षा बराच हळू ठेवा. बोलीतल्या संवादांना खाली प्रमाण मराठीत ओळी द्या म्हणजे पुण्या-मुंबईचे नातेवाईकही पाहतील. वेळेची विभागणी साधारण अशी ठेवा: पार्टी अर्धा मिनिट, जादू पाव मिनिट, गोंधळ दीड मिनिट, झोपवणं अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त, उरलेल्या वेळात मोठी माणसं जागी होतात. जागी झाल्यावर कोणी भाषण करू नये. आबा उठतात, अंगावर झोळीची साडी गुंडाळलेली असते, आजी समोर लाल दोरा हातात धरून उभी असते. एवढं पुरे, लगेच नावं सुरू करा.

नावांमध्ये प्रत्येक मुलाचं काम लिहा, "कापूस पिंजला" हेसुद्धा. पहिला खेळ वाड्यात किंवा शाळेच्या भिंतीवर, पांढऱ्या चादरीवर लावा. आवाजाला वेगळा स्पीकर घ्या, कारण फोनच्या आवाजात अहिराणीतले शेवटचे स्वर बुडतात. प्रेक्षक कुठे हसले आणि कुठे चुळबुळ केली ते एका मुलाला मागे बसून लिहायला सांगा. जिथे चुळबुळ झाली तिथले फोटो कमी करून फाईल पुन्हा जोडा. मूळ फोटो पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी ठेवा. बाहुल्या पात्रागणिक वेगळ्या पाकिटात घालून वर नाव टाका. फुईच्या नथीसारखे सुटे तुकडे पाकिटाच्या आत टेपने चिकटवा, नाहीतर पुढच्या सुट्टीत सगळं सापडतं आणि नथ तेवढी सापडत नाही.